कलम कोणाच्या हातीं?

(शाळेच्या ओट्यावर जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळीपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



गेल्या महिन्यांत आपल्या गांवच्या सुतारदादांनीं दारची दुभती म्हैस विकली, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. घरांतील माउलीच्या पोटाची शस्त्रक्रिया करावयाची होती. आरोग्य योजनेचें कार्ड घरांत होतें. तें घेऊन दादा एका मोठ्या दवाखान्यांत गेले. तेथील खिडकीवरच्या कारकुनानें कार्ड उलटसुलट करून पाहिलें आणि सांगितलें, "हा आजार यादींत बसत नाहीं." दादा मुकाट्यानें परत आले, म्हैस विकली आणि पैसे भरले. पुढें आठ दिवसांनीं आम्हीं ती यादी शाळेंत बसून ओळीनें वाचली. आजार यादींत होता! माउली बरी झाली, ही समाधानाची गोष्ट. पण म्हैस गेली ती गेलीच. त्या दिवशीं दादा आम्हांस म्हणाले, "मास्तर, कायदा सरकारचा, दवाखाना शेटजींचा, आणि म्हैस तेवढी आमची!"

हें ऐकून पारावरचा एक तरुण म्हणाला कीं, आपला देश गरीब म्हणून असें होतें. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांत असें होत नसेल. त्याच्या त्या बोलण्यावरूनच आजचें हें भाषण करण्याचें आम्हीं मनांत आणिलें. आम्ही मराठी शाळेचे मास्तर. वकील नव्हे कीं डॉक्टर नव्हे. परंतु अमेरिकेंत आरोग्याचा कायदा कसा झाला, तो होतांना लोक कां संतापले, आणि तो संताप कोणीं आपल्या कामास जुंपला, ही हकीकत आम्हीं जमेल तितकी वाचली आहे. ती साध्या शब्दांत सांगावी, आणि तिच्यांतून दादांच्या म्हशीचा हिशेब लागतो काय तें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम तेथील रीत समजून घेऊं. अमेरिकेंत औषधपाण्याचा खर्च इतका अफाट आहे कीं, विम्यावांचून साधा माणूस दवाखान्याची पायरी चढण्यास भितो. बहुतेक कामकरी माणसांचा विमा मालकामार्फत उतरलेला असतो. ही रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पसरली. त्या वेळीं मजुरी वाढविण्यावर सरकारचा निर्बंध होता, म्हणून मालकांनीं मजुरीऐवजीं विमा देऊं करून माणसें ओढलीं. तेव्हांपासून नोकरी गेली कीं विमाहि धोक्यांत, असें चालत आलें. विमा कंपनी दरमहा हप्ता घेते; आजारपण आलें म्हणजे मात्र आधीं कागद तपासते आणि पुष्कळ वेळां सांगते कीं, हें आमच्या करारांत बसत नाहीं. दादा, हे शब्द ओळखीचे वाटतात ना? २०२३ सालीं त्या देशाच्या एकंदर उत्पन्नांतील दर शंभर डॉलरांपैकीं सुमारें साडेसतरा डॉलर आरोग्यावर खर्च झाले. दुसरा कोणताहि मोठा देश इतका खर्च करीत नाहीं. तरीहि तेथील माणसाचें सरासरी आयुष्य इतर श्रीमंत देशांतील माणसापेक्षां कमीच भरतें. कोठेंहि जा, पळसाला पानें तीनच.

आतां कोणी विचारील, तेथें लोकांचें राज्य आहे, मग लोकांनीं कायदा करून ही नागवण थांबविली कां नाहीं? प्रयत्न पुष्कळ झाले. १९४५ सालच्या १९ नोव्हेंबर रोजीं अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनीं कायदेमंडळास कळविलें कीं, सर्व प्रजेसाठीं राष्ट्रीय आरोग्य विमा असावा. त्यावर तेथील डॉक्टरांच्या बड्या संघटनेनें, अमेरिकन मेडिकल असोसिएशननें, मोहीम उघडली. प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर मागितले, पैसे घेऊन लोकमत फिरविणारी एक पेढी कामास लाविली, आणि एकट्या १९४९ सालांत सुमारें १५ लाख डॉलर उधळले. सरकारी विमा आला कीं डॉक्टर सरकारचा गुलाम होईल, असा धाक लोकांस घालण्यांत आला. बेत बुडाला. पुढें १९६५ सालच्या ३० जुलै रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं कायद्यावर सही करून दोन योजना आणिल्या. पासष्टीच्या वरील माणसांसाठीं मेडिकेअर आणि गरिबांसाठीं मेडिकेड. मेडिकेअरचें पहिलें कार्ड वृद्ध ट्रुमन यांच्याच हातीं दिलें. वीस वर्षांनीं कां होईना, झाड लावणारास फळ पाहावयास मिळालें. पण मधल्या वयाचा कामकरी माणूस विमा कंपनीच्या दारांतच उभा राहिला.

मंडळी, आपल्या भाषेंत कलम या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कलम म्हणजे लेखणी, आणि कलम म्हणजे कायद्यांतील एक बाब. ज्याच्या हातीं पहिलें, त्याच्याच सोईचें दुसरें. अशा एका कलमाची गोष्ट ऐका.

२००३ सालीं मेडिकेअरमधील वृद्धांस औषधांसाठीं मदत द्यावी, असा कायदा आला. हेतु चांगला; म्हातारीं माणसें औषधाच्या खर्चानें जेरीस आलीं होतीं. परंतु त्या जाडजूड कायद्यांत एक लहानसें कलम होतें. औषधाच्या किंमतीविषयीं कंपन्यांशीं जी घासाघीस होईल, तींत सरकारनें पडूं नये, असा त्याचा अर्थ. आतां पाहा, बाजारांत सर्वांत मोठें गिऱ्हाईक कोण? सरकार. पैसा कोणाचा? रयतेचा. आणि भाव करण्यास मनाई कोणाला? त्याच सरकारला! खळ्यावर मळणीच्या बैलाला मुसकें बांधतात, तसें सरकारच्या तोंडाला मुसकें बांधलें गेलें. माजी सैनिकांच्या दवाखान्यांचें जें वेगळें सरकारी खातें आहे, तें मात्र भाव करून औषधें स्वस्तांत घेत होतें. म्हणजे भाव करतां येत नव्हता असें नाहीं. करूं द्यावयाचा नव्हता.

हा कायदा खालच्या सभागृहांत कसा मंजूर झाला? २००३ सालच्या २२ नोव्हेंबर रोजीं पहाटे तीनच्या सुमारास मतें घेण्यास सुरुवात झाली. एरवीं पंधरा मिनिटांत मतदान आटोपतें. त्या रात्रीं मतें कमी पडतात असें दिसतांच तें जवळजवळ तीन तास उघडें ठेविलें, आणि सभासदांचीं मनें वळवून सकाळीं २२० विरुद्ध २१५ मतांनीं कायदा पार पाडला. ज्या समितीच्या हातून हा कायदा गेला, तिचे अध्यक्ष बिली टॉझिन हे पुढें २००५ सालच्या जानेवारींत औषध कंपन्यांच्या संघटनेचे मुख्य झाले. यांत कायद्याचा भंग झाला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मामलेदारानें लिलांव करावा आणि थोड्याच दिवसांनीं मक्तेदाराच्या पेढीवर मुनीम म्हणून बसावें, तर गांव काय समजेल?

या मुसक्याची किंमत कोणीं मोजली तें इन्सुलिनवरून समजेल. मधुमेहाचें हें औषध १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं शोधलें गेलें. शोधकांनीं आपला हक्क १९२३ सालीं तेथील विद्यापीठाला एकेक डॉलर घेऊन देऊन टाकिला. कारण हें औषध सर्वांचें असावें अशी त्यांची इच्छा. पुढें त्याच औषधाचे सुधारलेले प्रकार निघाले. अमेरिकेंत एका नामांकित कंपनीची कुपी १९९६ सालीं सुमारें २१ डॉलरांस मिळे. २०१९ सालीं त्याच कुपीची छापील किंमत सुमारें २७५ डॉलर झाली होती. औषध पुरवून पुरवून अर्धें टोचून घेणारीं माणसें त्या श्रीमंत देशांत होतीं, आणि त्या काटकसरीनें कित्येकांचे प्राणहि गेले.

आतां मुख्य कायद्याकडे येऊं. २००८ सालीं बराक ओबामा निवडून आले. त्यांनीं वचन दिलें होतें कीं, आरोग्याच्या कायद्याच्या वाटाघाटी लोकांस दिसतील अशा, दूरचित्रवाणीवर होतील. प्रत्यक्षांत काय झालें? २००९ सालच्या उन्हाळ्यांत औषध कंपन्यांच्या संघटनेशीं बंद दाराआड बोलणें झालें. दुसऱ्या बाजूला बसले होते तेच टॉझिन. कंपन्यांनीं दहा वर्षांत ८००० कोटी डॉलरांचा भार सोसावा, आणि सरकारनें तें भावाचें मुसकें काढण्याचा आग्रह धरूं नये, असा सौदा ठरला. ओबामांच्या बाजूनें म्हणतां येईल कीं, कंपन्या उलटल्या असत्या तर ट्रुमनप्रमाणें सगळाच बेत बुडाला असता. ही अडचण खरी होती. पण ज्यांच्यासाठीं कायदा, ती रयत त्या खोलींत नव्हती, हेंहि तितकेंच खरें.

त्या कायद्यांत आणखी एक मोठी गोष्ट येऊं घातली होती. सरकारनें स्वतःची एक विमा पेढी काढावी; ज्याला कंपनीचा विमा नको असेल त्यानें तेथें जावें. आपल्याकडे सावकाराच्या दुकानाशेजारीं सहकारी सोसायटी उघडली म्हणजे सावकाराचा व्याजाचा दर जसा आपोआप खालीं येतो, तसाच हा विचार. खालच्या सभागृहानें ७ नोव्हेंबर २००९ रोजीं ही गोष्ट मंजूरहि केली. परंतु वरच्या सभागृहांत, म्हणजे सेनेटमध्यें, शंभरांपैकीं साठ मतांवांचून कायदा पुढें सरकत नव्हता. एकेक मत सोन्याच्या मोलाचें झालें. कनेक्टिकट हा प्रांत विमा कंपन्यांचें मोठें ठाणें. तेथील सेनेटर जो लिबरमन यांनीं कळविलें कीं, सरकारी पेढी ठेवाल तर आमचें मत मिळणार नाहीं. पेढी वगळली गेली. विमा घ्या नाहीं तर दंड भरा, हें कलम मात्र कायद्यांत राहिलें. म्हणजे गिऱ्हाईक सरकारनें धरून आणावयाचें आणि दुकान बहुतांशीं कंपनीचें!

त्याच २००९ सालांत आरोग्याच्या धंद्यांतील मंडळींनीं कायदेमंडळाचे कान भरण्यासाठीं, उघड नोंदलेला असा ५० कोटी डॉलरांहून अधिक पैसा खर्चिला. या कामासाठीं तेथें पगारी माणसें असतात. त्यांस लॉबीस्ट म्हणतात. विमा कंपन्यांची संघटना चारचौघांत म्हणत होती कीं, आम्हांस सुधारणा पाहिजे. आणि आंतून तिनें कायद्याविरुद्ध जाहिराती करणाऱ्या व्यापारी मंडळाला ८ कोटी ६२ लाख डॉलर दिले. ही गोष्ट बाहेर पडली ती कायदा झाल्यानंतर, २०१० सालीं. ओठांत एक आणि पोटांत एक, तें हेंच.

आतां लोकांच्या संतापाकडे वळूं. २००९ सालच्या ऑगस्टांत प्रतिनिधि आपापल्या गांवीं सभा घेण्यास गेले, तेव्हां लोक त्यांच्या अंगावर धांवून गेले. खुर्च्या हालल्या, आरडाओरड झाली. म्हाताऱ्यांनीं जगावें कीं मरावें हें सरकारी पंचायत ठरविणार, अशी आवई उठविली गेली. मूळ मसुद्यांत काय होतें? मरणाच्या वेळीं आपणांस कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याविषयीं रोग्यानें स्वेच्छेनें डॉक्टरचा सल्ला घेतला, तर त्या सल्ल्याचे पैसे मेडिकेअरनें द्यावेत, एवढेंच. आवई इतकी पसरली कीं तें बिचारें कलम काढूनच टाकावें लागलें. दक्षिण कॅरोलिना प्रांतांत एका सभेंत एका गृहस्थानें आपल्या प्रतिनिधीस बजाविलें कीं, सरकारनें आमच्या मेडिकेअरला हात लावूं नये. मेडिकेअर ही सरकारचीच योजना! पुष्कळांनीं त्या गृहस्थाची थट्टा केली. आम्हांस मात्र त्याचें हंसूं येत नाहीं. त्याला जें मिळालें होतें तें जाईल अशी खरी भीति त्याच्या पोटांत होती. कायदा हजारों ओळींचा. तो त्याला कोणीं वाचून दाखविला होता? ज्यानें भीति घातली तोच त्याच्या दारीं आधीं पोंचला. रागाला वाचतां येत नसेल, तर तो राग दुसऱ्याच्या गाडीला जुंपला जातो.

अखेर २३ मार्च २०१० रोजीं कायद्यावर सही झाली. तो निकामी होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. आधींचा आजार आहे म्हणून विमा नाकारण्याची कंपन्यांची रीत २०१४ पासून बंद झाली. मुलांस सव्विसाव्या वर्षापर्यंत आईबापांच्या विम्यांत राहतां येऊं लागलें. हप्त्यांच्या शंभर डॉलरांतून लहान विम्यांत निदान ८० आणि मोठ्यांत ८५ डॉलर उपचारावर खर्चिलेच पाहिजेत, नाहीं तर फरक परत करावा, असें बंधन आलें. विमा नसलेले लोक २०१० सालीं साडेचार कोटींहून अधिक होते. २०२३ सालीं ते तीन कोटींच्या खालीं आले. गरिबांची मेडिकेड वाढविण्याचें कलम मात्र २०१२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रांतांच्या मर्जीवर सोडलें, आणि कित्येक प्रांतांनीं तें घेतलें नाहीं. म्हणून लोक दोन्हीं बाजूंनीं चिडलेले राहिले. एक म्हणे, सरकारनें फार केलें. दुसरा म्हणे, सरकारनें कंपनीपुढें हात टेकले. दोघांचाहि हप्ता चढतच होता.

पुढची गोष्ट नीट ऐका, कारण आपला धडा तींत आहे. २०१७ सालीं नवें सरकार आलें आणि हा कायदा मोडण्याचा घाट घातला गेला. पुन्हां सभा भरल्या, पुन्हां लोक संतापले. पण या वेळीं लोकांच्या हातांत नुसती मूठ नव्हती, कागद होते. कोणी आपल्या मुलाच्या आजाराचा कागद दाखवी आणि विचारी, हें कलम गेलें तर याला विमा कोण देईल? चाकांच्या खुर्चींतील अपंग बंधुभगिनी पुढाऱ्यांच्या कचेरीपुढें येऊन बसल्या आणि पोलिसांनीं उचलून नेईपर्यंत हलल्या नाहींत. २८ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीनंतर सेनेटमध्यें मतें घेतलीं, तेव्हां सत्ताधारी पक्षाचेच तिघे सभासद फुटले आणि ४९ विरुद्ध ५१ मतांनीं तो बेत कोसळला. २००९ चा राग आणि २०१७ चा राग, दोन्हीं एकाच देशांतले. पहिल्याला आपण काय गमावणार हें दुसऱ्यानें सांगितलें होतें. दुसऱ्यानें तें स्वतः वाचलें होतें.

आणि तें भावाचें मुसकें? १६ ऑगस्ट २०२२ रोजीं अध्यक्ष बायडन यांनीं सही केलेल्या कायद्यानें तें सैल झालें. त्या वेळीं सेनेटमध्यें मतें समसमान पडलीं, ५० विरुद्ध ५०. उपाध्यक्षा कमला हॅरिस यांच्या एका मतानें कायदा तरला. मेडिकेअरमधील रोग्यास इन्सुलिनसाठीं महिना ३५ डॉलरांहून अधिक पडूं नये, असें २०२३ पासून ठरलें. सर्व विमेदारांस तीच सवलत द्यावी ही सूचना मात्र तीन मतें कमी पडून हुकली. भाव ठरविण्यास पहिलीं दहा औषधें निवडलीं, आणि त्यांचे नवे भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. २००३ सालीं रात्रींतून घातलेलें एक कलम सैल करून त्याचें फळ पदरांत पडण्यास बावीस वर्षें लागलीं! आणि अजून तें थोड्याच औषधांपुरतें. म्हणून म्हणतों, कलम आंत शिरतांना जो झोंपला, त्याला तें बाहेर काढतांना पिढी घालवावी लागते.

या दिरंगाईनें लोकांची निराशा कोणत्या थरास गेली, तेंहि सांगितलें पाहिजे. ४ डिसेंबर २०२४ रोजीं न्यूयॉर्क शहरांत एका मोठ्या विमा कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याचा भर रस्त्यांत गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर असंख्य लोकांनीं शोक करण्याऐवजीं विमा कंपन्यांनीं आपले दावे कसे नाकारले, याच्याच कहाण्या सांगितल्या. त्यांचें दुःख खरें आहे. पण खून हा खूनच. त्यानें एका घराचा कर्ता पुरुष गेला आणि कायद्याचें एक अक्षरहि बदललें नाहीं. आपल्या पूर्वजांकडे पाहा. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला. घरेंदुकानें लुटलीं गेलीं, आगी लागल्या, तेंहि समर्थनीय नव्हे. परंतु त्या निरक्षर कुणब्यांनीं माणसांच्या जिवावर न उठतां शोधले ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. आपला फांस माणसांत नाहीं, कागदांत आहे, हें त्यांनीं ओळखिलें होतें. चौकशीसाठीं कमिशन बसलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला; शेतकऱ्याचा दस्त नेमलेल्या नोंदणी कामगारासमोर व्हावा, असें त्यांत आलें. कर्ज संपलें नाहीं, पण कोऱ्या कागदावरचा आंगठा थोडा तरी आवरला गेला.

अमेरिकेचा झगडा अजून संपलेला नाहीं. हप्ता भरण्यास सरकार जी वाढीव सवलत देत होतें, तिच्या कलमांतच मुदत घातलेली होती. ती वाढवावी म्हणून २०२५ सालीं कायदेमंडळांत इतकी ओढाताण झाली कीं, १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत पुष्कळ सरकारी कचेऱ्या बंद राहिल्या. तरीहि २०२५ अखेर मुदत संपली ती संपलीच, आणि लक्षावधि कुटुंबांचे हप्ते चढले. मिळालेला हक्कहि दरसाल राखणीवांचून राहत नाहीं. उभ्या पिकाला जशी राखण, तशी कायद्यालाहि.

आतां आपल्या दारीं येऊं. आपली योजना २०१२ सालीं दुसऱ्या नांवानें कांहीं जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ सालीं तिला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव मिळालें. रयतेच्या नागवणुकीचें मूळ ज्यांनीं अविद्येंत दाखविलें, त्यांच्या नांवाचें कार्ड आपण खिशांत बाळगतों आणि त्याच्या मागची यादी वाचत नाहीं! योजनेंतील दवाखान्यांत आरोग्यमित्र म्हणून माणूस नेमलेला असतो. दादा त्याला भेटलेच नाहींत, कारण असा कोणी असतो हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. यांत दोष दादांचा नाहीं. दोष त्या कारकुनाचा आहे, आणि थोडा आमचाहि आहे. गांवांत मास्तर असून यादी म्हैस विकल्यानंतर वाचली गेली, ही लाज आम्ही आमच्या पदरीं घेतों.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, दर शनिवारीं दिवेलागणीनंतर येथेंच योजनेची यादी व नियम मोठ्यानें वाचावयाचे. भगिनींनीं अवश्य यावें, कारण आजारपणाचा पहिला भार त्यांच्यावर पडतो. दुसरी, कोणत्याहि दवाखान्यानें 'बसत नाहीं' म्हटलें, तर नम्रपणें पण ठामपणें सांगावयाचें, "साहेब, हें लिहून सही करून द्या." तोंडचा नकार वाऱ्यावर जातो, लेखी नकाराला जाब द्यावा लागतो. तिसरी, जो कोणी मत मागण्यास येईल त्याला विचारावयाचें कीं, आरोग्याच्या कायद्याचा मसुदा होईल तेव्हां त्या खोलींत आमच्या बाजूनें कोण बसणार, आणि तुमच्या निवडणुकीचा पैसा कोठून आला? उत्तर वहींत लिहून ठेवावयाचें.

कोणी म्हणेल, सारेच विकलेले आहेत, मग हा उपद्व्याप कशाला? आम्ही त्यांस सांगतों, सारेच विकलेले असते, तर कंपन्यांनीं दरसाल कोट्यवधि डॉलर ओतले असते कशाला? विकत घेतलेली वस्तु कोणी रोज नव्यानें विकत घेत नाहीं. तेथें एकदां दोन मतांनीं कायदा वांचला, एकदां एका मतानें झाला. रयतेचें वजन तेथें पडलें. आपलेंहि पडेल, पण आधीं वाचावें लागेल.

दादा, गेलेली म्हैस आम्हांस परत आणतां येत नाहीं. मात्र आपल्या कार्डाची आणि भरलेल्या पैशांच्या पावतीची तक्रार आम्हीं लिहून तयार केली आहे. आज ती सर्वांसमोर वाचून दाखवूं, आणि मग आपण सही करावी. बाकीच्या मंडळींनीं येत्या शनिवारीं येतांना घरचें कार्ड बरोबर आणावें.

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.